निजचाफ्याची तिसरी फांदी

एक होता राजा. भारी संशयी. इतका, की आरशात बघायच्या आधी आरशामागं कोण उभं आहे ते बघायचा. भाताचा पहिला घास आचाऱ्याला, दुसरा मांजराला, तिसरा परत आचाऱ्याला. मधल्या वेळात कुणी काही कालवलं असलं तर! तोवर भात गार. रोज गार भात खाऊन राजा कायम कुरकुरत असायचा. हसू नका रे, गोधडी सरकते.

तर त्या राजाच्या अंगणात होता निजचाफा. आपल्या देवळापुढं पांढरा चाफा आहे ना, दिसायला तसाच. पण फुलं निळी, आणि दिवेलागणीला उमलायची. वास सुटला की आधी चिमण्या गप्प. मग गोठ्यातली वासरं. मग गावातली सगळी पोरं. अंगाई नको की थोपटणं नको.

एकदा काय झालं, त्या झाडाला किडीनं आतून पोखरलं. पानं गळली, खोड पोकळ झालं, आणि गावाची झोपच उडाली. कोंबडे भलत्या वेळी आरवायला लागले. गवळणी दुधात ताक ओतायला लागल्या. सगळ्यात हाल राजाच्या लेकीचे. बकुळा तिचं नाव, सात वर्षांची. डोळे लाल, हातात पेला धरवेना. वैद्य म्हणाले, "महाराज, आणखी तीन महिने ही अशीच जागी राहिली, तर पोर हाती लागायची नाही."

मग राजानं चिमा माळणीला बोलावलं. चिमाला अक्षर येत नव्हतं, पण हात असा की वाळकी काठी रोवली तरी पालवी फुटावी. तिनं झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. जिवंत फांदी एकच उरली होती. तिचे तिनं तीन तुकडे केले, हातहातभर. बुडाशी तिरका काप, शेंड्याला सरळ. म्हणजे लावताना उलटं लागत नाही, बरं का. काप दिला तसा पांढरा चीक गळायला लागला. चिमानं तिन्ही फांद्या सुतळीनं पडवीत सावलीला टांगल्या. त्याच दुपारी जुनं झाड कोसळलं. राहिल्या त्या तीन फांद्या.

"आणि पाणी?" राजानं विचारलं.

"आठ दिवस थेंब नाही घालायचा, महाराज. चीक सुकू द्या."

राजाचे डोळे बारीक झाले. पाण्याशिवाय झाड? ही जगवायला आलीय की मारायला? शेजारच्या राजानं तर नाही ना पाठवली? त्यानं एक फांदी गुपचूप उचलली, महालात नेली आणि चांदीच्या तांब्यात पाण्यात घातली. चौथ्या दिवशी ती बुडापासून काळी पडली, लिबलिबीत झाली. असा वास सुटला की मांजर पळून गेलं.

"तूच काहीतरी चोपडलं असशील तिला," राजा म्हणाला.

मग दुसरी. तिचा काप चांगला सुकला. चिमानं कुंडीत अर्धी वाळू, अर्धी माती घातली, फांदी चार बोटं खोल रोवली. म्हणाली, "आता हिला हलवायचं नाही." झालं! राजाला वाटलं, का नाही हलवायचं? खाली काय पुरलंय हिनं? रोज सकाळी यायचा, फांदी उपटून बघायचा, परत खोचायचा. पंधराव्या दिवशी बुडाशी दोऱ्याएवढं पांढरं मूळ दिसलं. राजानं ते चिमटीत धरून ओढलं. खरं आहे की चिकटवलंय? मूळ तुटलं. महिन्याभरात फांदीचं सरपण झालं.

उरली तिसरी. चाफ्याची फांदी सावलीत कोरडी टांगलेली दोन महिने सहज टिकते, तशी ती पडवीत टांगलेली. आणि एका सकाळी राजा बघतो, तर सुतळी रिकामी!

"चिमे! फांदी कुठंय?"

"लावली."

"कुठं लावली?"

चिमानं परसाकडं बोट दाखवलं. तिथं तिनं मांडलेल्या चाळीस कुंड्या. चाळीस फांद्या, सगळ्या चाफ्याच्या, सगळ्या करड्या, उघड्याबोडक्या. लिहिता येत नव्हतं म्हणून चिमा फांदीला दोरा बांधायची आणि दोऱ्याला गाठी मारायची. पांढऱ्या चाफ्याला एक गाठ, लालला दोन, पिवळ्याला तीन.

"तुमची त्यातच आहे. पण कुठली ते नाही सांगणार. मान उडवलीत तरी नाही."

राजा कुंड्यांमधून फिरायला लागला. वाकून गाठी मोजायचा, पुन्हा मोजायचा. हौदापाशी एका कुंडीतल्या फांदीला दोराच नव्हता. राजा गालात हसला. "हं! मला खुळा समजते. मी हिलाच उपटावं म्हणून मुद्दाम अशी ठेवलीय." आणि तिच्याकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही.

असे वीस दिवस गेले. मग राजाला राहवेना. "सगळ्याच उपटतो. कळेल काय ते!" असं म्हणून त्यानं पहिल्या कुंडीतल्या फांदीला हात घातला. बकुळा चिमाजवळ पायरीवर बसली होती.

"आबा, थांबा," ती म्हणाली. "तुम्ही मलापण असंच करता."

"तुला? तुला कधी काय केलं?"

"माझा डोळा लागायला येतो, तेवढ्यात तुम्ही येता. तोंडापाशी दिवा धरता आणि विचारता, बकुळा, झोपलीस का गं? की मी जागी. झाड गेल्यापासून रोज."

राजाचा हात तिथंच राहिला. हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तू नुसते डोळे मिटून मला फसवतेस."

"मग आता नका बघू."

राजानं फांदी सोडली. बकुळानं चिमाच्या मांडीवर डोकं टेकलं. थोडा वेळ गेला. राजाच्या ओठाशी प्रश्न आला. आला, तसा त्यानं शेल्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दात आवळून बसला. दुपार गेली, संध्याकाळ झाली. बकुळा घोरत होती, बरं का. राजाची लेक, पण घोरत होती.

त्यानंतर कुंड्यांना कुणी हात लावला नाही. वाळू कोरडी झाली की चिमा पाणी घालायची, बस. महिन्यानं एका फांदीच्या शेंड्याला कोंब आला, मग पानं, मग एका दिवेलागणीला निळं फूल. हौदापाशी. बिनदोऱ्याची!

राजा चक्रावला. "हिला गाठ का नाही मारलीस?"

"ज्या विसरेन त्यांना गाठी, महाराज. हिला कशी विसरेन?"

मग ते रोप जुन्या जागी लावलं. राजानं पहिल्यांदा गरम भात खाल्ला आणि जीभ पोळून घेतली. पुढं झाड मोठं झालं, तशा त्यानं घरोघरी फांद्या वाटल्या. कुणी रोज उपटून तर बघत नाही ना, एवढं मात्र कुंपणाआडून बघून यायचा. बकुळा मोठी झाली, चिमा म्हातारी झाली, सगळी सुखानं राहिली आणि वेळेवर निजली.

चला, आता डोळे मिटा. झोपलात का म्हणून मी काही विचारायची नाही.