मधला रकाना

“बाई, हिचं ठेवू की माझं?” शार्दूलनं विचारलं. “एका क्लिकचं काम आहे.”

गोगटेबाई खुर्ची ओढून बसल्या. मिरजेतल्या आमच्या छोट्या कंपनीतल्या त्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रॅमर. नवजात बाळांच्या औषधाची मात्रा काढणारं सॉफ्टवेअर मुळात त्यांनीच लिहिलेलं. त्याची नवी आवृत्ती चार वाजता हॉस्पिटलला जायची होती.

बाळंतपणाच्या, वर्षभर लांबलेल्या रजेवरून आल्या आल्या मी केलेली दुरुस्ती तेवढी त्यात शिरत नव्हती. मी जिला हात लावला, ती ओळ शार्दूलनं आधीच बदलली होती. माझंच चुकलं असणार, असं मी धरून चालले होते. हल्ली मी डब्याचं झाकणसुद्धा दोनदा तपासते.

पडद्यावर डावीकडे माझी ओळ, उजवीकडे त्याची. वर तीन बटणं.

“दोघांचे बदल जोडणारं हे मर्ज टूल मी बसवलंय,” शार्दूल म्हणाला. “पूर्वी तुम्ही काळ्या पडद्यावर डोळे फोडत बसायचात.”

“बसायचो. दाब.”

त्यानं ‘डावं ठेवा’ दाबलं. त्याची दुरुस्ती गेली. चाचणीतल्या तीन दिवसांच्या बाळाला मोठ्या बाळाएवढं औषध मिळालं. चाचणी लाल, म्हणजे नापास.

‘उजवं ठेवा’ दाबलं. माझी गेली, नऊशे ग्रॅमचं बाळ एक किलोचं धरलं गेलं. लाल.

‘दोन्ही ठेवा’ दाबलं. दोन्ही ओळी एकाखाली एक बसल्या आणि बाळाला औषध दोनदा मिळालं.

हे मात्र त्यानं घाईघाईनं मागे घेतलं.

...

“मधला रकाना कुठं गेला?” बाईंनी विचारलं.

“बंद केलाय. उगाच जागा खातो. त्यात नुसती जुनी ओळ असते, आम्ही दोघांनी बदलण्याआधीची.”

“उघड.”

त्यानं उघडला. बाईंनी टेबलावरच्या दोन फायली उचलल्या, एक पडद्याच्या डाव्या बाजूला धरली, एक उजव्या. आता फक्त मधलं दिसत होतं.

“वाच.”

“वजन पूर्ण किलोत घ्या, त्यावरून मात्रा काढा.” शार्दूल हसला. “हे कुणी लिहिलंय?”

“मी. चौदा वर्षांपूर्वी.”

...

“सांग ना. काय चुकलंय?” बाईंनी त्याला विचारलं.

“वय बघितलेलं नाही, बाई.”

“आणि?”

तो ओळ पुन्हा वाचायला लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“वजन,” मी म्हणाले. “माझी मुलगी नऊशे ग्रॅमची जन्मली होती.”

शार्दूलनं माउसवरचा हात काढला. मग कीबोर्ड पुढे ओढला आणि मधल्या ओळीपासून लिहायला लागला. वजन ग्रॅममध्ये. वय दिवसांत. मात्रा एकदाच.

अडला, की तो मला विचारत होता. बाईंनी फायली खाली घेतल्याच नाहीत.

दोनशे बारा चाचण्या. सगळ्या हिरव्या.

मी त्या आणखी दोनदा चालवल्या. हिरव्या रंगावर माझा चटकन विश्वास बसत नाही. तिन्ही वेळा हिरव्या. तिसऱ्या वेळी शार्दूलनं टेबलावर थाप मारली आणि मला चक्क हसू फुटलं.

चारला दहा कमी होते.

“पण बाई,” तो म्हणाला, “शेवटी ठेवलं कुणाचं?”

बाईंनी फायली टेबलावर ठेवल्या. दंड चोळले.

“किती किलोची झाली गं ती आता?” त्यांनी मला विचारलं.

“साडेसात.”

“मग पाठव.”