धुरपाचं तेल आणि महाराजांचा लेप

हिंमत असेल तर यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव! बघू तुझी छाती.

तर, धुरपाचं तेल बंद झालं.

धुरपा म्हणजे पाट्या-जात्यांना टाकी लावणारी. पाय जन्मापासून काड्या, उभं राहणं ठाऊकच नाही. पण चाकाच्या फळीवर बसायची, पुढे बोकड जुंपायची आणि गावभर ओरडत फिरायची, "टाकीऽऽ लावायची का टाकी!" छिन्नी-हातोडी अशी चालवायची की गुळगुळीत झालेला पाटा पुन्हा खरखरीत! तिला लागायचं एकच औषध, राजाच्या औषधशाळेतलं फुकट तेल. रोज खांद्याला, मनगटाला चोळलं की हात चालायचे. चार दिवस नाही मिळालं की बोटं आखडून कोंबडीच्या पायासारखी.

आणि निघाला गर्जेराव महाराजांचा हुकूम! फुकट औषध फक्त अपंगांना. आणि जो काम करतो, तो अपंग कसला?

औषधशाळेचे कारभारी विसाजीपंत दारातच ठाण मांडून बसले. तोंड बघायचे नाहीत, पाय बघायचे नाहीत. "हात दाखव!" तळहाताला घट्टे दिसले की, "कामाचा आहेस. चल, पुढचा!"

धुरपाचे घट्टे तर घोड्याच्या खुरासारखे.

"पंत, माझे पाय तरी बघा!"

"वहीत पायांचा रकानाच नाही."

"अहो, तेल नसेल तर हात बंद पडतील माझे!"

"मग ये की! हात बंद पडले की तेल मिळेल."

"आणि तेलानं हात चालायला लागले की?"

"की तेल बंद!"

"वा पंत! विहिरीला पाणी लागलं की दोर काढून घेणारे तुम्ही!"

धुरपानं बोकड वळवला तो थेट दरबारात. आत शिरल्या शिरल्या बोकडानं एका सरदाराच्या शेल्याला तोंड लावलं. सिंहासनावर गर्जेराव महाराज. डावा गुडघा कोहळ्याएवढा सुजलेला, पाय चौरंगावर, वर औषधशाळेचा हिरवा लेप. माणूस भारी हट्टी! एकदा चुकून "आज मंगळवार" म्हणाले, तर राज्यात तीन दिवस मंगळवारच होता.

धुरपाचं ऐकून महाराज गरजले, "पांगळा तो कामाचा नाही, कामाचा तो पांगळा नाही! दोन्ही एकाच अंगात असलेला माणूस दाखव मला. तू सोडून दुसरा! आठ दिवस देतो. दाखवलास तर तेल. नाही दाखवलास तर हातोडीसुद्धा जप्त!"

धुरपानं मनात हिशेब मांडला. हातोडी गेली तर खायचं काय? शेजारचा आंधळा दोरवाला आणता आला असता, पण पंतांनी त्या बिचाऱ्याचंही औषध तिथल्या तिथे तोडलं असतं. आणि आठ दिवस? तोवर हातोडी धरायला बोटं तर हवीत!

"आठ दिवस कशाला, सरकार? उद्याच आणते!"

दुसऱ्या दिवशी आली. फळीवर ती आणि राणीसाहेबांच्या मुदपाकखान्यातला एक पाटा. बाकी कोणी नाही.

"माणूस कुठाय?"

"येतोय, सरकार. जरा लाजरा आहे. तोवर ह्या पाट्याला टाकी लावून घेते." आणि सुरू झाली, टक, टक, टक!

महाराज बघत राहिले. बसून बसून कंटाळले. म्हणाले, "यात काय मोठंसं? दगडावर ठोकायचं, झालं!"

"तसंच हो. पण राजेलोकांना नाही जमत."

"काय म्हणालीस?"

"राहू द्या, सरकार. तुमच्यानं नाही व्हायचं."



"आण ती हातोडी इकडे!"

दोघांनी बगलेत धरलं, तिसऱ्यानं पाय धरला, आणि "आई गं, हळू रे मेल्यांनो!" करत महाराज जमिनीवर बसले. सुजलेला गुडघा पुढे ताठ. पहिला घाव हुकला. दुसरा अंगठ्यावर. लेप बदलायला आलेले पंत म्हणाले, "पुरे, महाराज!" महाराज म्हणाले, "गप्प!" दुपार झाली, घामानं मुंडासं भिजलं, पण अर्ध्या पाट्याला टाकी लावूनच थांबले. आणि बरी लावली होती हो!

"झालं! कोण म्हणतं जमत नाही?"

"कोणीच नाही! पंत, हात तपासा."

"कोणाचा?"

"ज्यानं काम केलं त्याचा. नियम आहे ना?"

पंतांनी महाराजांचा तळहात उलगडला. "घट्टा... नाही. पण फोड आहे. चांगला बोराएवढा!"

"म्हणजे कामाचा. आणि खाली बसवायला तिघं लागतात, म्हणजे पांगळा. सरकार, तुमचा माणूस हजर! पंत, काढा तो लेप!"

नियम तो नियम! पंतांचा हात खरंच लेपाकडे गेला.

"खबरदार!" महाराज ओरडले. "लेप काढलास तर उद्या बसू कसा? बसलो नाही तर काम करू कसं? अरे, लेप आहे म्हणून तर हे हात..."

आणि महाराजांनी आधी लेपाकडे बघितलं, मग हातावरच्या फोडाकडे.

"बोला की, सरकार!" धुरपा म्हणाली. "कालपासून मी हेच सांगतेय, पण तुमच्या तोंडून काय गोड वाटतंय!"

महाराजांचं आधी पोट हललं, मग मिशा हलल्या, मग सगळं सिंहासन. हसता हसता गुडघा दुखला, दुखला तसे "आई गं" म्हणाले आणि पुन्हा हसले! हुकूम सुटला, औषध कोणाला लागतं एवढंच बघायचं, हात कोणाचेच बघायचे नाहीत. धुरपाला तेल जन्मभर, आणि औषधशाळेतल्या सगळ्या खलबत्त्यांना टाकी लावायचं काम तिचंच.

"आणखी काय हवं?"

"हा पाटा अर्धा राहिलाय, सरकार. उरलेला पंतांना करू द्या. हात फार मऊ आहेत त्यांचे!"

महाराजांनी हसत हसत हातोडी पंतांच्या हातात दिली. पंत बसले ठोकत. आणि तू काय बसलास टकामका बघत? झालं सांगून! ऊठ, नीघ आता इथून!