बोर्डावरचं मोठं नाव

सर्जेराव पैलवान गेला तेव्हा सगळी तालीम रडली. त्याचा धाकटा भाऊ बबन फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. दादाचा श्रद्धांजलीचा बोर्ड त्यानं स्वतःच करायला घेतला. दादाचं नाव एवढं मोठं हवं होतं की एसटीतून जाणाऱ्यालाही वाचता यावं.

बोर्डाचा खर्च सभापती दौलतराव करणार होते. ते दुकानात आले आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, “माझा फोटो मधोमध घे. माझं नाव सगळ्यात मोठं. सर्ज्याचं बसव खाली कोपऱ्यात.”

याला उचलून रस्त्यावर ठेवावं, असं बबनला वाटलं. पण त्यानं राग गिळला आणि सांगितलं तसं करून दिलं.

“आता कसं शोभतंय,” दौलतराव खूश झाले.

“एकच ओळ राहिली, साहेब.” बबननं त्यांच्या फोटोखाली चौकट ओढली आणि टाइप केलं : दशक्रिया विधी सोमवारी सकाळी, नदीघाटावर.

दौलतरावांचा चेहरा उतरला. “अरे, हे माझ्या फोटोखाली?”

“लांबून लोक मोठं नावच वाचतात, साहेब. सांत्वनाला तुमच्याच घरी येतील. वहिनीसाहेबांना तेवढं सांगून ठेवा.”

बोर्ड बघायला आलेले तालमीतले दोघे पैलवान दारात उभे होते, ते भिंतीकडे तोंड करून हसू लागले.

“माझा फोटो काढ,” दौलतराव घाईनं म्हणाले. “नाव शोकाकुलांत टाक. बारीक.”

बबननं दादाचं नाव बोर्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती.