कावळ्याचं वेळापत्रक

प्राण्यांनाही वेळापत्रकं करायची हौस होती, त्या काळची ही गोष्ट. एका सशिणीचे दिवस भरत आले होते आणि राहायला बीळ नव्हतं. कावळ्याने पुढाकार घेतला. "साळिंदराने बीळ खणायचं, खारीने कापसाची गादी घालायची, सुगरण चिमणीने दाराला पडदा विणायचा. सगळे एकदम सुरू करा, म्हणजे तिप्पट लवकर होईल!"

खारीने गादी उघड्यावरच घातली. साळिंदराने उकरलेली माती तिच्यावर पडली. सुगरणीचा पडदा विणून झाला, पण लावायला दारच नव्हतं. कावळा मात्र दर पाच मिनिटांनी बिळात डोकावून विचारी, "किती झालं?" मग उत्तर द्यायला साळिंदर उलटं चालत बाहेर येई आणि त्याचे काटे कावळ्यालाच टोचत.

शेवटी सशीण कळवळून ओरडली, "अरे, बीळच नाही तर बाकीच्याचं काय करू? आधी सगळ्यांनी माती उपसा! आणि कावळेदादा, तुम्ही गप्प बसा!"

दिवस मावळायच्या आत बीळ झालं. झटकलेली गादी आत गेली, पाठोपाठ सशीणही गेली. थोड्या वेळाने कावळ्याने वाकून पाहिलं, तर चार पिल्लं!

"माझ्या वेळापत्रकात दोनच होती," तो म्हणाला.

"मग उरलेल्या दोघांना तुम्हीच सांगा परत जायला," सशीण म्हणाली.