सगळ्यांची काळी पाच

"मग हो म्हणू की नको, बुवा?"

हेमांगीला लहानपणी गाणं शिकवलेले बुवा मेथी निवडत होते. सुनेने जुडी पुढ्यात टाकली की निवडून होईपर्यंत ते उठत नसत.

"कशाला?"

हेमांगीने तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तिने आणि दोन मैत्रिणींनी हौसेने, एक पैसा न घेता, शहरातल्या एका शाळेत गाणं शिकवायला सुरुवात केली. आता चाळीस शाळा झाल्या. शिकवणारे सगळे नोकरी-घर सांभाळून येतात. आणि आता महापालिका म्हणते, सगळ्याच शाळांत या. सोमवारी उत्तर द्यायचंय.

"मग दे की. चांगलीच गोष्ट आहे."

"आहे ना... पण काही सुचेनासं झालंय." तिने ओठ चावला. "आमच्या सगळ्या शाळांच्या गाण्याच्या संमेलनात पहिल्या रांगेत एक मुलगी होती. रोशनी, पाचवीतली. एवढं तोंड उघडून गात होती! मी कौतुक करायला गेले. तर म्हणते, 'मी गात नाही, मॅडम. गाण्याच्या ताईंनी सांगितलंय, तुझा आवाज वर पोचत नाही, तू नुसतं तोंड हलव.'"

बुवांचा हात थांबला.

"त्या ताईंचं तरी काय चुकलं?" हेमांगी घाईने म्हणाली. "पस्तीस मिनिटांचा तास, पन्नास मुलं, एक पेटी..."

"पट्टी कुठली?"

"काळी पाच. सगळ्या शाळांत तीच, सगळ्यांचा सा तिथूनच. म्हणजे संमेलनाला सगळी मुलं एकत्र गाऊ शकतात."

"ठरवली कोणी?"

"मीच. शिकवणाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे."

हे सांगताना तिची मान जराशी ताठ झाली. पुस्तिकेच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या ना!

याच खोलीत, ती दहा वर्षांची असताना, बुवांनी अकरा दिवस तिला काहीच शिकवलं नव्हतं. रोज पेटीवर एकेक सूर धरायचे, तिला गायला लावायचे आणि नकारार्थी मान हलवायचे. बाराव्या दिवशी म्हणाले, "हा तुझा सा." हे तिला आठवत होतं की नाही, कुणास ठाऊक.

बुवांनी धोतराला हात पुसले. पेटी ओढली. काळी पाच धरली.

"गा."

तिने पुस्तिकेतली प्रार्थना सुरू केली. बुवांनीही तोंड उघडलं. एका हाताने मांडीवर ताल, चेहऱ्यावर आनंद, मान डोलतेय.

दुसऱ्या ओळीला तिच्या लक्षात आलं. बुवांचा आवाज येतच नव्हता.

"बुवा... थट्टा करताय?"

पेटी चालू होती. ओठ हलत होते.

हेमांगी गायची थांबली. चिडावं की रडावं, तिला कळेना. नऊ वर्षं उन्हातान्हात पायपीट केली, ती यासाठी?

"म्हणजे नको म्हणू? की पट्टी बदलू? बदलून तरी काय, दुसरी कोणी तरी गप्प बसेल! एवढ्या पोरांना एकेक पट्टी कुठून देऊ मी? ...बुवा, काही तरी बोला ना."

बुवांनी पेटीचा भाता मिटला. मेथी पुन्हा पुढे ओढली.

"सोमवारी उत्तर द्यायच्या आधी त्या पोरीच्या वर्गात जा. पट्टी तिची, गाणार ती. तू नुसतं तोंड हलव."