उतारकर साहेब

गोऱ्या साहेबांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मोरवडीत नदीच्या उतारापाशी, जिथून पायी पलीकडे जाता येई तिथे, ब्रॅडफर्ड साहेबाने बंगला बांधला. पहाटे माणसं गुडघाभर पाण्यातून पलीकडे निघत, तेव्हा धुक्यात ती ढगावरून चालल्यासारखी दिसत. साहेबाची मात्र त्यांच्या बोलण्याने झोपमोड होई. त्याने उताराला काटेरी कुंपण घातलं.

सारजाक्काची लेक पलीकडच्या गावी दिलेली, दिवस भरत आलेली. अक्का धुक्यातूनच बंगल्यावर गेली. साहेब व्हरांड्यात चहा पीत होता. त्याला आपल्या मराठीचा अभिमान, आणि घराण्याचा त्याहून जास्त.

"बाई, आमचं आडनाव आठशे वर्षांचं आहे," तो म्हणाला. "ब्रॅडफर्ड म्हणजे रुंद उतार. आमचे पूर्वज अशाच उतारापाशी राहत."

"म्हणजे तुम्ही उतारकर," अक्का म्हणाली. "मग तिथून माणसं जात-येत असतील?"

"सगळा मुलूख जाई. त्यांनीच तर आम्हाला हे नाव ठेवलं."

अक्काने धुक्यातल्या कुंपणाकडे बोट दाखवलं.

"तुमच्या वाडवडिलांनी वाट मोकळी ठेवली, म्हणून लोकांनी नाव ठेवलं. तुम्ही वाट अडवलीत. आता लोक नावं ठेवतील."

साहेब मराठीचा पक्का होता. एका अनुस्वाराने अर्थ कुठे नेला, ते त्याला कळलं. कप खाली ठेवून तो स्वतःच पाण्यात उतरला आणि कुंपण उपसू लागला.

धुक्यापलीकडून कुणीतरी विचारलं, "पाण्यात कोण उतरलंय गं?"

"आपले उतारकर," मागोमाग काठावर आलेली सारजाक्का म्हणाली, आणि लुगडं सावरत पाण्यात शिरली.