बुडालेल्या आक्का

माणसाने पहिली होडी पाण्यात ढकलण्याआधीची गोष्ट. उष्णा नावाची उबदार धार समुद्राच्या पाठीवरून तोऱ्यात उत्तरेकडे निघाली होती. तळाशी थंडगार हिमाक्का दक्षिणेकडे सरपटत होती.

"काय हो आक्का, बुडालात वाटतं?" उष्णाने खवचटपणे विचारलं. "आमच्या घराण्यात कुणी बुडत नाही. आम्ही वाहतो!"

"मी तिकडे उत्तरेला बुडाले, म्हणून जागा झाली. ती भरायलाच धावते आहेस, बाई."

उष्णा खो खो हसली. पण उत्तरेला पोहोचताच तिथल्या गार वाऱ्याने तिची सगळी ऊब काढून घेतली. शेजारच्या पाण्याचा बर्फ झाला आणि बर्फात न मावलेलं मीठ हिच्या पदरात पडलं. अंग जड झालं. बाईसाहेब थेट तळाला.

वरून नवी धार ठुमकत आली. "काय हो आक्का, बुडालात वाटतं?"

"छे गं!" उष्णा ताठ मानेने म्हणाली. "जरा तळाची पाहणी करायला उतरले आहे."